मान मोडलेली बंदूक

बंदूक पुखराजची होती. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढं वाचणाऱ्याला शंका नको. रनाळ्यात अजून दोनचार म्हातारे असे सापडतील की ते छातीवर हात ठेवून सांगतील, बंदूक हिलालची होती, हिलालच्या घरात खुंटीला टांगलेली आम्ही या डोळ्यांनी पाहिली. पाहिली असेल. टांगलेली माझ्याच घरात होती. पण दुसऱ्याची गाय आपल्या गोठ्यात बांधली म्हणून ती आपली होत नाही. मी मराठी तिसरीतून उठलेला माणूस, अक्षर माझं कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. नातू शेजारी बसतो आणि माझे काना-मात्रे नीट करतो. पण ही पहिली ओळ मी त्याला शिवू दिलेली नाही.

पुखराज म्हणजे चंपालाल शेठचा मधला मुलगा. त्यांचं घराणं मारवाडातून आलेलं, जैन. गावच्या मोठ्या गल्लीत त्यांची कापूस खरेदीची पेढी होती आणि माझा बा त्या पेढीवर तोलारी होता. आमचं घर पेढीच्या मागच्याच बोळात. कापसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेपासून बाचा आवाज घरात यायचा. पहिल्या मापाला तो एक म्हणत नसे, कुणीच तोलारी म्हणत नाही. तो सूर लावायचा, "लाभ रे लाभ... लाभ रे लाभ...", मग काटा थांबला की "दोन रे दोन". गाडीवान चिलीम ओढायचे थांबून ऐकत राहायचे, इतका त्याचा गळा गोड. त्याचा काटा कधी कुणाकडे झुकला नाही असं गाव म्हणायचं. मीही म्हणायचो, आणि फार मोठ्यानं म्हणायचो. कापसाचे तंतू त्याच्या मिशीत, भुवयांत अडकलेले असायचे. दुपारी तो जेवायला आला की माय आधी त्याच्या तोंडावरून पदर फिरवायची आणि मग ताट वाढायची. कळण्याची भाकर, लसूण-मिरचीचा खुडा, त्यावर तेलाची धार. श्रावणात फुणके आणि कढी. घरात फार काही नव्हतं, पण मायच्या हाताला चव होती आणि तोंडाला धार होती. दोन्हींचा लाभ आम्हांला सारखाच मिळायचा.

बंदूक आली ती सुरतेहून. पुखराजच्या मामानं त्याला बक्षीस दिली. हवेवर चालणारी, शिशाचा हरभऱ्याएवढा छर्रा टाकायची. नळी मधोमध बिजागरीवर वाकायची. वाकवून खाली ओढली की आत कमान बसल्याचा खट् आवाज यायचा, मग छर्रा घालायचा आणि नळी सरळ करायची. बस, इतकंच तिचं शास्त्र. पण शेठच्या घरात मुंग्यांना पीठ टाकायची रीत आणि दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. बंदूक बघून शेठ पायरीवरच उभे राहिले आणि म्हणाले, या घरात ही राहील नाहीतर मी राहीन. तेव्हा पुखराज ती छातीशी धरून मागच्या बोळातून थेट आमच्याकडे आला. माय भाकरी थापत होती.

"काय रे पुखा, तुन्हा बापनी कोनले हाकलं? तुले का तिले?"

"दोन्हीसले, मावशी. मी परत जाई जासू. हिले तू ठेवी ले."

बा ओसरीवर हात धूत होता. तो घाबरला. "शेठ काय म्हनतीन रे?"

"त्यास्नी सांगं, आपला घर नको. तुम्हना घर नको असं कोठे सांगं?"

माय अशी हसली की तव्यावरची भाकर फुगून फुटली तरी तिला कळलं नाही. "म्हनजे सून शेठनी, आनि नांदी आमना घर!" त्या दिवसापासून बंदुकीचं नावच पडलं, शेठनी सून. धान्याच्या कनगीवर एक खुंटी होती, तिथं ती राहू लागली. छर्‍यांची डबी मायनं डाळीच्या टोपल्यात ठेवली. शेजारीण आली की माय खुंटीकडे बोट करायची, "सून चांगली शे, काही मांगस नही, काही बोलस नही." गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेठलाही ठाऊक होतं. एकदा पेढीवर बाला त्यांनी विचारलं, "क्यों तोलारी, बहू मजे में है?" आणि पेढी हसली. ही ओळ मी मुद्दाम लिहितो आहे.

आता पोरांचं सांगतो. बंदूक आली म्हणजे पोरं येणारच. पहिल्या दिवशी आम्ही नाल्याकाठी दगडावर मडक्याचं खापर ठेवून नेम धरला. छर्रा दगडावर आपटून परत आला आणि माझ्या नडगीत बसला. हरभऱ्याएवढा छर्रा, पण मी लंगडत घरी आलो. त्या रात्री पायाला हळद लावून घेताना मी ठरवलं की हा खेळ करायचा तर रीतीनं करायचा, नाहीतर करायचाच नाही. मी हट्टी होतो. अजून आहे. दुसऱ्या दिवसापासून गावाबाहेर नाल्याच्या वळणावर मी मातीची भिंत घालायला लागलो. माती, शेण, गव्हाचा भुसा, पायानं तुडवून तुडवून. पुखराजनंही धोतर खोचून चिखल तुडवला, हे कबूल केलं पाहिजे. भिंत पुरुषभर उंच आणि हातभर जाड झाली. तिच्यापुढं भुशानं भरलेली पोती रचली, म्हणजे छर्रा आत जाऊन झोपेल, परत यायचा नाही. कुंभाराकडून भाजताना तडकलेल्या पणत्या मागून आणल्या आणि त्या पोत्यांपुढं सुतळीनं टांगल्या. नेम लागला की पणतीचा चुरा व्हायचा आणि सगळी पोरं एका सुरात ओरडायची.

मग नियम. ते मीच केले, कुणी शिकवले नाहीत. मोटेचा जुना नाडा जमिनीवर आडवा टाकला, ती दोरी. मारणारा एकटा दोरीपाशी, बाकी सगळे त्याच्या मागं, बसलेले. बांबूवर तांबडं फडकं चढलं की भिंतीकडे कुणी जायचं नाही, मग तिकडं बापाचं लग्न असो. बंदुकीचं तोंड भिंतीकडेच. पाखरावर नेम नाही, हा शेठचा शब्द होता आणि माझाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की बंदूक हातातून खाली ठेवायची ती मान मोडूनच. नळी वाकलेली, भोक उघडं, आत छर्रा नाही हे लांबून दिसलं पाहिजे. मी पोरांना सांगायचो, मान मोडलेली म्हणजे झोपलेली, मान सरळ म्हणजे जागी. जाग्या बंदुकीजवळ कुणी जायचं नाही. मारणं झालं की मी ओरडायचो, "मान मोड!" ते इतकं पोरांच्या तोंडी बसलं की गावात रामराम घालायच्या ऐवजी "मान मोड" म्हणायला लागली. विहिरीवरच्या बाया मला बघून एकमेकींना म्हणायच्या, "मान मोड वं, वस्ताद उना." पोलीस पाटील एकदा काठी टेकत बघायला आले. म्हणाले, "हिलाल, मन्ही एक कोंबडी मरनी ना, तर तुले त्या भितले टांगसू पनतीना जागावर." मग स्वतःच बंदूक मागितली, पणती फोडली, आणि मी ओरडायच्या आत मान मोडून बंदूक खाली ठेवली. बस, त्या दिवसापासून आमच्या दोरीला गावाची संमती मिळाली.

परवा नातू सांगत होता, कॉलेजात कवायतीला खऱ्या रायफली देतात. मी विचारलं, मारून झाल्यावर खाली कशी ठेवता? म्हणाला, आजोबा, खटका उघडा ठेवायचा, आत रिकामं आहे हे साहेबाला दिसलं पाहिजे. मी त्याला ते तीनदा सांगायला लावलं. तो वैतागला. मी चहा मागवला.

पोरांत सगळ्यांत पक्का नेम रतनचा. दित्या भिल पाटलांच्या मळ्यात सालदार होता, त्याचा हा मुलगा, चौदा-पंधरा वर्षांचा. बोलणं कमी, डोळे फार. गलोलीनं तो आधीच वाकबगार होता. बंदूक हातात आली तेव्हा पहिली पणती त्यानं अशी फोडली की सुतळी हललीसुद्धा नाही. एकदोघं कुरकुरले, "भिलना पोऱ्याले बंदूक देस का रे?" मी म्हटलं, दोरीला जात नाही, ज्याला पटत नसेल त्यानं दोरीमागं बसू नये. कुणी उठलं नाही. रतन मला वस्ताद म्हणायचा. माझ्याहून तीनचार वर्षांनीच लहान, पण म्हणायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

आणि एकदा असं झालं की पुखराजनं दोरीपाशी उभं राहून बंदूक भिंतीवरून वळवली. बाभळीवर होला बसला होता. मी म्हटलं, "पुखा, मान मोड." तो हसून म्हणाला, "अरे, बंदूक मन्ही शे." मी म्हटलं, "बंदूक तुन्ही, दोरी मन्ही. पोळा होस तवलगून दोरीजोडे येवू नको." पोरं हसली. पुखराजचं तोंड तांबडं झालं. पण त्यानं मान मोडली, बंदूक खाली ठेवली, आणि धोतर झटकून निघून गेला. पोळ्यापर्यंत आला नाही. पोळ्याला बैलांना घालून उरलेली पुरणपोळी खात आमच्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "वस्ताद, सजा संपनी का?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. मला वाटलं, असा मित्र गावात दुसऱ्या कुणाला नसेल. मालक असून नियमापुढं वाकला. ही गोष्ट मी कौतुकानं साऱ्या गावाला सांगत फिरलो. तेच मला पुढं भोवलं.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला माय सगळं लोखंड धुऊन काढायची. विळे, कोयता, कुऱ्हाड, खुरपी, सगळं चिंचेनं घासून ओसरीवर शेणानं सारवलेल्या चौकात मांडायची, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, ज्वारीची कणसं. पहाटेपासून पुरण शिजल्याचा वास. मोठ्या खापरावर मांडे भाजायला ती बसली की हात इतके चालायचे की बघणाऱ्याला दम लागावा. त्या सकाळी तिनं खुंटीवरून बंदूक काढली आणि मला म्हणाली, "हाई अशी मोडेल कशी ठेवू देवसमोर? खंडित वस्तू पूजाले चालस नही."

"मंग ठेवू नको."

"वरीसना सनले, घरनी सून खुटीवर ठेवू का?"

"ठेवशी तर मोडेल ठेव. सरळ करू नको, माय. सांगी ठेवस."

पुखराज तिथंच जोत्यावर बसून मांडा खात होता. शेठच्या घरी तराजूची पूजा असायची, पण खायला तो आमच्याकडेच यायचा. तो म्हणाला, "जा रे वस्ताद, तू पानं लई ये. मावशी ना मी देखी लेसूत." मी आणि रतन आपट्याची पानं आणायला रानात गेलो. बंदूक मान मोडलेली, चौकाच्या बाजूला ठेवून गेलो.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पानांचे भारे दारात टाकले. मी पायरीवर पाय धूत होतो. रतन पुढं गेला. पूजेला नमस्कार करून सोनं ठेवायचं, ही त्याची पद्धत. तो चौकापुढं वाकला. तिकडून माझी सहा वर्षांची बहीण जनी आली. तिला केसात घालायला फूल हवं होतं. तिनं बंदुकीवरच्या माळेतला झेंडू ओढला. आणि मला तो आवाज आला. फट्. बारीक आवाज, कुणाला वाटावं डाळीचा दाणा तव्यावर फुटला. पण तो आवाज मी हजारदा ऐकलेला होता, आणि माझ्या घरात, दाराकडे तोंड करून, तो कधीच व्हायला नको होता. माळेचा दोरा चापात अडकलेला होता. मान सरळ होती. आत छर्रा होता. रतन डोळ्यावर दोन्ही हात धरून तसाच वाकलेला राहिला, नमस्कार लांबला असावा तसा.

बैलगाडी जुंपून नंदुरबारला नेला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दित्या गाडीमागं पळत होता, बस म्हटलं तरी बसेना. डाक्तरनं पट्टी बांधली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी बसलो. पाटलांनी संध्याकाळी चावडीवर बोलावलं होतं, पण घरात अजून कुणी काही विचारलं नव्हतं. जनी आपणहून म्हणाली, "भाऊ, पुखाभाऊनी तिनी मान सरळ करी. मायनी सांगं." मायचे हात पिठात थांबले.

"मीच सांगं रे त्याले," ती म्हणाली. "तो बोलना, मावशी, मी सरळ करी देस. मी बोलनी, रिकामं शस्त्र देवसमोर ठेवू नही, आपन घागर बी रिकामी ठेवतस नही. तर त्यानी डबीमाईन छर्रा लिन्हा ना टाकी दिन्हा. माले काय माहीत रे बाप, ती अशी..."

बा भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. मी मायला म्हटलं, "ठीक शे. चावडीवर हाईच सांग. इतलंच. दुसरं काही नको."

"सांगसू," ती म्हणाली.

तो शब्द मी ऐकला. बानं ऐकला. मग बा पेढीवर गेला. दुपारी आला तो न जेवता मायला घेऊन परसात कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उभा राहिला. मी ओसरीवरून त्या दोघांना बघितलं. बा खाली बघून बोलत होता, माय पदराचं टोक पिळत होती. माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही. घरातल्या माणसांवर पहारा ठेवायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चावडीवर सारं गाव. पोलीस पाटलांनी आधी शेठना विचारलं, बंदूक तुमच्या घरची का? शेठ हात जोडून म्हणाले, "पाटील, हमारे घर में सरोते के सिवा कोई लोहा नहीं. चींटी को आटा डालनेवाले लोग हम, बंदूक कैसी?" अडकित्त्याचं ऐकून लोक हसले, 'शेठनी सून' म्हणून हसायचे तेच लोक. शेठनी रतनच्या औषधपाण्याचे पैसे आपणहून दिले होते, त्यामुळं गाव आधीच म्हणत होतं, काय दया आहे माणसात. मग पुखराजला उभं केलं. तो पांढरा फटक पडलेला. म्हणाला, "बंदूक हिलालनी शे. मी नुसता देखाले जाऊ."

"पुखा," मी ओरडलो, "मन्हाकडे देखीसन सांग."

तो चावडीपुढच्या निंबाकडे बघत होता. आणि मग तो जे बोलला ते त्याच्या डोक्यातलं नव्हतं, ते कुणीतरी त्याला बसवून शिकवलं होतं, असं मला आजही वाटतं. "बंदूक मन्ही ऱ्हाती, तर यानी माले दोरीवरथीन कसं हाकली दिन्हं ऱ्हातं? बठ्ठा गावले माहीत शे, पोळालगून यानी माले येवू दिन्हं नही. मालकले कोनी हाकलस का?"

लोक एकमेकांकडे बघून माना हलवायला लागले. खरंच की. मालकाला कोण हाकलतं? मीच ती गोष्ट गल्लीगल्लीत सांगितली होती, त्याच्या मोठेपणाची म्हणून. माझंच कौतुक माझ्या गळ्याला लागलं.

मी म्हटलं, "मन्ही मायले विचारा. ती तठेच व्हती." निंबाखाली बायांत माय उभी होती, डोक्यावर पदर ओढलेला. पाटलांनी विचारलं, बाई, बंदुकीची मान कुणी सरळ केली? छर्रा कुणी घातला? मी तिच्याकडे बघून हसलोसुद्धा. मला वाटलं, आता निकाल लागला.

"माले काही माहीत नही, आबा," माय म्हणाली. "मी मांडा करी ऱ्हायंती. बंदूक त्यानी, डबी त्यानी. तो दुसराले हात लावू देस नही."

शेवटचं वाक्य खरं होतं. मी हात लावू देत नव्हतो. खरं वाक्य असं उचलून ठेवलं की त्याच्याखाली सगळं झाकून गेलं. पाटील बाकडे वळले. "तोलारी, तुम्हनं काय म्हननं?" बा जमिनीकडे बघत बसला होता. मिशीत कापसाचा तंतू. "पोऱ्या मन्हा शे," तो म्हणाला. "चूक त्यानीच शे." ज्या आवाजात तो लाभ रे लाभ म्हणायचा, त्याच आवाजात म्हणाला. मी मोठ्यानं सांगितलं की तुम्ही सगळे खोटं बोलताय. पाटील म्हणाले, आईबापाला खोटं म्हणणारा पोरगा, याच्या हातात आम्ही आमची पोरं दिली होती.

पेढीवरची तोलाई गेली असती तर आम्ही काय खाल्लं असतं, हे मला कळत नाही असं नाही. तेव्हाही कळत होतं. बा रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाला असता की हिलाल, पेढीवरचं काम वाचवायचं आहे, तू अंगावर घे, तर मी घेतलं असतं. बहुतेक घेतलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही. मला चावडीवर नेलं आणि तिथं टाकून आले.

बंदूक तालुक्याला जमा झाली. भिंत मी माझ्या हातानं पाडायची असं ठरलं. कुदळ घेऊन मी एकटा नाल्यावर गेलो. पोरं आली नाहीत, त्यांना घरच्यांनी बांधून घातलं होतं. भिंत चांगली झाली होती, लवकर पडेना. पोती फाडली तेव्हा भुशातून छर्रे सांडत राहिले, एकही परत आलेला नव्हता. थोड्या वेळानं रतन आला. डोळ्यावर पट्टी, एका हातानं चाचपत. तो दोरीमागं बसला, आपल्या नेहमीच्या जागी. मी कुदळ थांबवली नाही.

"वस्ताद," तो म्हणाला, "मान सरळ व्हती."

"तुले कसं माहीत?"

"वाकनू तवय देखी मी. भोक दिसनं नही."

मी कुदळ टाकली. "देखी? मंग वाकना कसाले रे?"

त्यानं नाड्याचं टोक हातात घेतलं. मग म्हणाला, "तुन्हं घर शे म्हनीसन."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नातू काना-मात्रे नीट करता करता थांबला आहे. त्याला म्हटलं, पुढं चल.

पुढं कितीतरी वर्षांनी विसरवाडीच्या फाट्यावर पुखराज भेटला. सुरतेला दुकान टाकलं होतं त्यानं, केस पांढरे, पोट सुटलेलं. लांबून हाक मारली, "वस्ताद!" जवळ येऊन माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, लहान होतो रे, झालं गेलं. मी म्हटलं, "पुखा, बंदूक कोनी व्हती?" चहाच्या टपरीवर दहा माणसं उभी होती. त्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग मोटारीकडे बघितलं. म्हणाला, "मन्ही मोटर निंघी ऱ्हायनी." मी हात सोडवून घेतले. माझी मोटार यायला अवकाश होता, पण मी पायीच निघालो.

राहिली माय. घर मी सोडलं नाही. सोडलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, अपराधी पळाला. त्याच ओसरीवर झोपलो, तिच्याच हातची भाकर खाल्ली, आणि कामापुरतं बोललो. बाचा लाभ रे लाभ सुरू झाला की मी शेतात निघून जायचो. जनी झेंडूच्या फुलाला हात लावेना. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण लावेना. माय कधी काही म्हणाली नाही. मी वाट बघत होतो असंही नाही, पण नव्हतो असं म्हणणं खोटं होईल.

वर्ष फिरलं, दसरा आला. मी रानातून पानं घेऊन आलो, या वेळी एकटाच. ओसरीवर चौक मांडलेला. कुऱ्हाड, कोयता, खुरपी. आणि मधोमध, जिथं गेल्या वर्षी बंदूक होती तिथं, एक विळा ठेवलेला. पातं मधून मोडलेला, मूठ फुटलेली. तो विळा कधीचा कनगीमागं पडलेला होता, लोहाराकडे टाकायचा म्हणून. तिनं तो चिंचेनं घासून चकचकीत केला होता. हळदकुंकू त्यालाच सगळ्यात जास्त, माळ त्यालाच. माय चुलीवरून उठून दारात येऊन उभी राहिली होती, पिठाचे हात तसेच. ती माझ्याकडे बघत होती.

मला कळलं. न कळण्याइतका मी मठ्ठ नाही. जे तोंडानं निघालं नाही ते ती मोडक्या विळ्याकडून म्हणवत होती. पण म्हणायची जागा ती नव्हती. म्हणायची जागा चावडी होती, निंबाखाली, साऱ्या गावापुढं. घराच्या ओसरीवर, कुणी बघत नसताना, मला ते नको होतं.

मी वाकलो, विळा माळेसकट उचलला आणि तिच्या हातात दिला.

"माय," मी म्हटलं, "खंडित वस्तू पूजाले चालस नही."

तिनं तो घेतला. आत गेली, आणि जरा वेळानं खापरावरचा मांडा करपल्याचा वास ओसरीपर्यंत आला. तिच्या हातून मांडा करपलेला मी जन्मात तेवढा एकच पाहिला.